न वाचलेले आणि रिकामे : हार्ड डिस्कच्या कोष्टकाचा एक लहानसा इतिहास

२००८ सालच्या उन्हाळी सुट्टीत आमच्या मराठी विभागातील एकुलत्या एका संगणकावर लिनक्स बसवायचे आम्ही ठरवले. विंडोज एक्सपी त्यावर होती आणि ती काढून टाकण्याचा विचार नव्हता. तिच्या शेजारी दुसरी कार्यप्रणाली नांदावी, संगणक सुरू करताना हवी ती निवडता यावी, एवढीच इच्छा. त्या डिस्कवर प्रश्नपत्रिका होत्या, हजेरीपटाचे तक्ते होते, आणि विभागातील एका ज्येष्ठ बाईंनी पंधरा वर्षे गावोगाव हिंडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. कॅसेटींवरून ऐकून, एकेक ओवी थांबवून, बाईंनी त्या स्वतः टंकल्या होत्या. त्यांची सीडीवरची प्रत वर्षभरापूर्वीची होती.

लिनक्सच्या सीडीवरून संगणक सुरू झाला, भाषा विचारली गेली, घड्याळ विचारले गेले. मग डिस्कचे चित्र पडद्यावर आले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच राखाडी पट्टी आणि तिच्याखाली एक शब्द : अनअलोकेटेड. म्हणजे कोणालाही न दिलेली, मोकळी जागा. आमच्यापैकी एकाने त्याचा अर्थ असा लावला की, या नव्या प्रणालीसाठी म्हणून ही जागा मोकळी दाखवली आहे. त्याने पुढे जाण्याचे बटण दाबले. काही क्षणांनी दुसऱ्याच्या लक्षात आले की, ज्या डिस्कवर अर्ध्या तासापूर्वी आपण फायली उघडत होतो, तीच ही डिस्क आहे. भिंतीवरचे बटण बंद केले गेले. त्यानंतर संगणकावर ना एक्सपी सुरू झाली, ना लिनक्स.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हे यंत्रपुराण कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या एका शब्दात आहे. यंत्राला जे वाचता आले नाही त्याला ते रिकामे म्हणाले, आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. हा घोटाळा आमच्यापुरता नव्हता. दुसरी कार्यप्रणाली बसवताना हार्ड डिस्क ओळखली न जाणे, या कटकटीला चाळीस वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तो वाचनाचाच इतिहास आहे.

आरंभ अर्थातच अमेरिकेत झाला. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क नव्हतीच. फ्लॉपी घातली की तिच्यावर जी प्रणाली असेल ती सुरू होई. दुसरी हवी तर फ्लॉपी बदलायची. दोन प्रणालींनी एका जागेत राहण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९८३ साली आयबीएमने एक्सटी हे यंत्र आणले. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती, आणि तिच्यासोबत डॉसची दुसरी आवृत्ती होती. ही डिस्क यंत्रातून काढायची नव्हती. ती घराच्या जमिनीसारखी स्थिर होती. त्या काळी डॉसला प्रतिस्पर्धी होते. तेव्हा एकाच जमिनीवर दोन बिऱ्हाडे राहायची तर हद्दी आखाव्या लागणार, आणि हद्दींची नोंद कुठेतरी ठेवावी लागणार, हे उघड होते.

ती नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये ठेवली गेली. सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातील पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या आज्ञावलीसाठी, शेवटचे २ बाइट हा सेक्टर खरा असल्याच्या खुणेसाठी, आणि मधले ६४ बाइट हद्दींच्या कोष्टकासाठी. या कोष्टकालाच पार्टिशन टेबल म्हणतात. त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चार ओळी. म्हणून विभागही चारच. प्रत्येक ओळीत विभाग कुठे सुरू होतो, किती मोठा आहे, संगणक त्यातून सुरू करायचा की नाही, आणि तो कोणत्या जातीचा आहे, एवढी माहिती. हा जमिनीचा सातबारा म्हणावा. जमिनीत काय पिकते ते शेतात जाऊनच कळते. परंतु शेतात जायचे की नाही हे उताऱ्यावरून ठरते.

या कोष्टकाचा हेतू सहजीवनाचा होता, हे विसरता येत नाही. एका डिस्कवर चार निरनिराळ्या प्रणाली राहाव्यात, प्रत्येकीने आपली ओळ ओळखावी आणि इतरांच्या वाटेला जाऊ नये, अशी ती कल्पना. पण ओळख पटण्याचे सारे ओझे एका बाइटवर, म्हणजे जातीच्या क्रमांकावर होते. एका बाइटात २५६ संख्या मावतात, आणि या संख्या वाटून देणारी कोणतीही अधिकृत सभा नव्हती. ज्याने त्याने आपापला क्रमांक उचलला. परिणामी सोळाच्या पायावर लिहिलेला ८२ हा क्रमांक लिनक्सने आपल्या तात्पुरत्या स्मृतीच्या विभागासाठी वापरला, आणि सन कंपनीच्या सोलारिस प्रणालीने आपल्या मुख्य विभागासाठी. लिनक्सच्या लेखी तो विभाग कधीही पुसून टाकण्याजोगा. सोलारिसच्या लेखी तेच सर्वस्व. पुढे सोलारिसने निराळा क्रमांक घेतला. त्याचप्रमाणे ०७ हा क्रमांक ओएस/२ या प्रणालीच्या फाइलव्यवस्थेचा होता, आणि विंडोज एनटीच्या फाइलव्यवस्थेनेही तोच घेतला. एकाच अक्षराचे दोन लिप्यांत दोन उच्चार व्हावेत, आणि पानावर मात्र लिपी कोणती ते लिहिलेले नसावे, असा हा प्रकार.

दुसरी अडचण मोजमापाची होती. डिस्कवरील जागेचा पत्ता सांगण्यासाठी सिलिंडर, हेड आणि सेक्टर असे तीन आकडे द्यावे लागत. संगणकाच्या मूळ आज्ञावलीत, म्हणजे बायोसमध्ये, सिलिंडरसाठी १० बिट होते. म्हणजे १०२४ पलीकडे मोजता येत नसे. डिस्कच्या जोडणीच्या नियमात हेडची मर्यादा १६ होती. दोन्हींतील तोकडे तेवढे एकत्र झाले आणि ५०४ मेगाबाइटच्या पुढची जागा दिसेनाशी झाली. १९९०च्या दशकाच्या मध्यास डिस्क त्याहून मोठ्या आल्या, तेव्हा आकड्यांचे रूपांतर करून ही भिंत सुमारे ८.४ गिगाबाइटपर्यंत मागे सरकवण्यात आली. मग तीही पुरेना. डिस्क विकत आणावी आणि तिचा मोठा भाग यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसावा, हा अनुभव त्या पिढीने घेतला. लिनक्स सुरू करून देणाऱ्या लिलो या आज्ञावलीला बायोसच्याच डोळ्यांनी पाहावे लागे. म्हणून लिनक्सचा गाभा १०२४ व्या सिलिंडरच्या अलीकडे ठेवावा, त्यासाठी डिस्कच्या आरंभीच एक चिमुकला विभाग राखावा, असे जाणकार सांगत. नंतर मर्यादा गेली, तरी तो चिमुकला विभाग राखण्याची रीत पुष्कळ वर्षे टिकली. कारण लोपले तरी रूढी उरते, हे समाजाच्या बाबतीत आपण शिकवतोच.

लिनक्सचा जन्मच दुसरी कार्यप्रणाली म्हणून झाला. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी असलेल्या लिनस तोरवाल्ड्सच्या संगणकावर मिनिक्स ही अध्यापनासाठी लिहिलेली प्रणाली होती. आपली प्रणाली त्याने तिच्याच शेजारी रचली, आणि आरंभी फाइली ठेवण्याची पद्धतही मिनिक्सचीच घेतली. शेजाऱ्याची लिपी वाचता येणे ही नवागताची पहिली गरज होती. पुढे एके दिवशी मोडेमला द्यायची आज्ञा त्याच्या हातून चुकून हार्ड डिस्कच्या विभागाकडे गेली आणि मिनिक्सचा विभाग बिघडला. ही हकिगत त्याने स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी त्याने आपल्याच प्रणालीत जे उणे होते ते भरून काढायचे ठरवले. दुसरी प्रणाली पहिली झाली ती अशा अपघातातून. अपघात सर्वांनाच इतके फलदायी होत नाहीत.

पहिल्या सेक्टरवरून होणारी कुरबुर मात्र चालूच राहिली. विंडोज बसवताना तिचा संच पहिल्या ४४६ बाइटांत आपली आज्ञावली निःशंकपणे लिहून टाकी. लिनक्सचे सारे विभाग जागच्या जागी असत; फक्त त्यांच्याकडे नेणारी वाट पुसलेली असे. म्हणून 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा क्रम वापरणाऱ्यांत रूढ झाला. ज्याला शेजारी आहे हे माहीत आहे त्याने नंतर यावे, असा त्याचा अर्थ.

कोष्टकाच्याही आधीची एक पायरी आहे : डिस्कपर्यंत पोचण्याची. डिस्क आणि प्रणाली यांच्यामध्ये एक नियंत्रक असतो, आणि त्याची बोली प्रणालीला यावी लागते. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या सीडीवर, पुढे प्रचारात आलेल्या साटा जोडणीच्या अनेक नियंत्रकांचे ड्रायव्हर नव्हते. तेव्हा बसवणी सुरू होताच एफ६ ही कळ दाबावी आणि ड्रायव्हर असलेली फ्लॉपी घालावी, असा उपाय होता. नव्या संगणकांतून फ्लॉपीची खाचच नाहीशी होत होती, आणि दुकानदार एकमेव फ्लॉपी ड्राइव्ह जपून वापरत होते. हे न केल्यास पडद्यावर सरळ निवेदन येई की, या संगणकात हार्ड डिस्क आढळली नाही. डिस्क तर हाताला लागत होती, तिची घरघर ऐकू येत होती. हाच प्रकार पुढेही वेगळ्या नावांनी आला. इंटेलच्या आरएसटी पद्धतीवर ठेवलेले लॅपटॉप लिनक्सच्या कित्येक संचांना रिकामे वाटले. २०२० नंतरच्या, व्हीएमडी असलेल्या इंटेल यंत्रांत तर विंडोजच्याच बसवणीला ड्रायव्हर दिल्याखेरीज डिस्क दिसेनाशी झाली. बायोसमध्ये जाऊन एएचसीआय ही साधी पद्धत निवडली की लिनक्सला डिस्क दिसे. मात्र पूर्वतयारी न करता हा बदल केल्यास आधीची विंडोज सुरू होत नसे. एकाला दिसावे म्हणून पडदा सरकवला की दुसऱ्याच्या डोळ्यांवर येतो.

२००४ सालच्या मे महिन्यातील एक प्रकरण आम्हांला विशेष बोधप्रद वाटते. कोष्टकातील प्रत्येक ओळीत विभागाचा पत्ता दोन प्रकारे लिहिलेला असतो : एकदा सिलिंडर-हेड-सेक्टर या जुन्या भाषेत, आणि एकदा सरळ क्रमांकाने. त्या महिन्यात आलेल्या फेडोरा कोअर २ या लिनक्स संचाने बसवणीच्या वेळी काही संगणकांवर जुन्या भाषेतील पत्ते नव्या हिशेबाने पुन्हा लिहिले. लिनक्स सरळ क्रमांक वाचत असल्यामुळे तिचे काही अडले नाही. विंडोज मात्र सुरू होताना जुन्या पत्त्यावर विसंबत होती, ती अडली. माहिती एका बाइटानेही हरवली नव्हती. एकाच दस्तऐवजातील दोन साक्षी परस्परांशी जुळेनाशा झाल्या होत्या, एवढेच. पत्ते पूर्ववत करताच विंडोज सुरू झाली. पाठचिकित्सा करणाऱ्यांना हे अपरिचित वाटू नये : कोणता पाठ मूळ मानायचा, यावरच ग्रंथाचा अर्थ ठरतो.

जुन्या कोष्टकातील सरळ क्रमांकासाठी ३२ बिट होते. म्हणजे सुमारे २.२ टेराबाइटपलीकडची जागा त्यात लिहिता येत नाही. ही भिंत येण्याआधीच इंटेलने आपल्या नव्या ईएफआय व्यवस्थेसोबत जीपीटी नावाचे नवे कोष्टक योजले होते; २००५ पासून ते काम यूईएफआय मंचाकडे आले. या कोष्टकात सर्वसाधारणपणे १२८ ओळींची सोय असते, जातीची ओळख एका बाइटाऐवजी १२८ बिटांच्या क्रमांकाने पटते, आणि कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. दोन प्रती असाव्यात आणि त्या दूर दूर असाव्यात, हे शहाणपण इतक्या उशिरा आले.

तथापि, जीपीटीतील सर्वांत विचारप्रवर्तक गोष्ट तिच्या पहिल्याच सेक्टरमध्ये आहे. तिथे जुन्या पद्धतीचे कोष्टक मुद्दाम लिहिलेले असते. त्यात एकच ओळ, जुन्या भाषेत मावेल तिथवर सबंध डिस्क व्यापणारी, आणि जात ईई या क्रमांकाची. नव्या प्रणालींना या ओळीचा उपयोग नाही. ती लिहिली आहे जुन्या साधनांसाठी, ज्यांना नवे कोष्टक वाचता येत नाही. ही ओळ नसती तर त्यांनी डिस्क रिकामी ठरवून पुसायला घेतली असती. ओळ असल्यामुळे ती एवढेच म्हणतात की, इथे काहीतरी अनोळखी आहे, आणि संपूर्ण जागा त्याने व्यापलेली आहे. जिला संरक्षक कोष्टक म्हणतात ती ही योजना. न वाचता येणाऱ्याच्या हाती आपण काय ठेवावे, तर निदान 'मला हे वाचता येत नाही' हे कबूल करण्याची संधी, असा तिच्यामागचा विचार आम्हांला दिसतो.

इतके होऊनही घोटाळा राहिलाच. लिनक्सच्या साधनांनी पुष्कळ काळ जीपीटीमध्ये आपल्या विभागांना विंडोजच्या सर्वसाधारण विभागाचाच ओळखक्रमांक दिला. विंडोजने तो आपलाच समजून त्याला ड्राइव्हचे अक्षर दिले, आत डोकावल्यावर काही उमगले नाही, आणि मग वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, असे सुचवले. पुढे लिनक्ससाठी स्वतंत्र क्रमांक ठरला. २०१२ साली विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट सर्वत्र आले आणि ओळखीचा प्रश्न स्वाक्षरीच्या प्रश्नात बदलला : डिस्क दिसते, पण तिच्यावरील प्रणालीवर विश्वास ठेवायचा का? २०२१ साली आलेल्या ग्रबच्या २.०६ या आवृत्तीने शेजारच्या प्रणाली आपणहून शोधणे सुरक्षेच्या कारणास्तव थांबवले. हवे असल्यास सांगावे लागते. आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अद्ययावतनानंतर दोन प्रणाली असलेल्या कित्येक संगणकांवर लिनक्स सुरू होईना, कारण तिच्या आरंभीच्या दुव्याची मान्यता काढून घेतली गेली होती. न दिसण्यापासून सुरू झालेला प्रवास दिसूनही न स्वीकारण्यापर्यंत आला आहे.

आता आमच्या डिस्ककडे परत येतो. काय घडले होते ते आम्हांला नंतर समजले. पूर्वी कोणीतरी त्या डिस्कचे भाग पाडताना शेवटच्या विभागाची हद्द डिस्कच्या प्रत्यक्ष शेवटापेक्षा काही सेक्टर पुढे लिहिली होती. एक्सपीला त्याचे सोयरसुतक नव्हते. लिनक्सच्या बसवणीतील साधन मात्र काटेकोर होते. एका ओळीत विसंगती दिसताच त्याने सबंध कोष्टक अग्राह्य ठरवले आणि सबंध डिस्क मोकळी म्हणून दाखवली. 'मला हे कोष्टक पटत नाही' असे ते म्हणते, तर आमचा हात थांबला असता.

महाविद्यालयातील संगणकशास्त्राच्या एका तरुण अध्यापकांनी टेस्टडिस्क ही मुक्त आज्ञावली चालवली. ती कोष्टकावर विसंबत नाही. डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळते आणि विभागांच्या आरंभाच्या, शेवटाच्या खुणा शोधून हरवलेले कोष्टक पुन्हा मांडते. एक्सपीची फाइलव्यवस्था आपल्या पहिल्या सेक्टरची प्रत विभागाच्या अखेरीस ठेवते, ती सापडली. संध्याकाळपर्यंत फोल्डरांची नावे दिसू लागली. बहुतेक ओव्या परत आल्या. परंतु नवी फाइलव्यवस्था त्या काही क्षणांत जिथे जिथे लिहिली गेली होती, तिथे जुने अक्षर उरले नव्हते. शेवटच्या वर्षात टंकलेल्या तीन फाइली उघडल्या नाहीत.

आम्ही बाईंना धीर देण्याच्या स्वरात म्हणालो, "बाई, कॅसेटी आहेत ना, पुन्हा उतरवून घेऊ." बाई म्हणाल्या, "त्यांतल्या दोन कॅसेटी बुरशीनं गेल्या, म्हणून तर घाईनं टंकत होते. आणि त्या गावची आजी आता नाही." त्यांनी आम्हांला दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

या प्रसंगानंतर मोडीचा विचार आमच्या मनात वारंवार येत राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी वाचणारे झपाट्याने कमी झाले. ज्यांना ती वाचता येत नव्हती, त्यांच्या घरात पूर्वजांचे कागद पोटमाळ्यावरची अडगळ झाले, रद्दीत गेले. कागद कोरे नव्हते. त्यांच्यासाठी कोष्टक हरवले होते. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या मंडळींनी असे कागद मिळवले, वाचले, छापले. त्यांचे काम टेस्टडिस्कच्याच जातीचे म्हणावे लागेल. संगणकाच्या जगात तर मोडीला आपले स्वतंत्र क्रमांक २०१४ साली, युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत मिळाले. त्याआधी संगणकाच्या कोष्टकात या लिपीची ओळच नव्हती.

आमच्या विभागात त्या वर्षापासून एक पद्धत आहे. कोणत्याही संगणकावर नवी प्रणाली बसवण्यापूर्वी जुन्या प्रणालीत जाऊन विभागांचे कोष्टक कागदावर उतरवून घ्यायचे : किती विभाग, कुठून कुठवर, आत काय. मग नव्या प्रणालीचा पडदा त्या कागदाशी ताडून पाहायचा. जिथे कागदावर नाव आहे आणि पडद्यावर मोकळी जागा, तिथे थांबायचे आणि ज्याला वाचता येते त्याला बोलवायचे. पहिला कागद बाईंनीच स्वतःच्या हाताने लिहिला होता. त्याच्या शेवटच्या ओळीत विभागाच्या नावापुढे त्यांनी आशय म्हणून एकच शब्द लिहिला आहे : ओव्या. तो कागद अजून कपाटात आहे.